यंत्राचा मार्गशीर्ष

मांडवखोल बंदरात जहाजं आत आणणारी माणसं एके काळी सात होती. ही गोष्ट घडली तेव्हा एकच उरला होता, आणि तोही पगार घेऊन हाताची घडी घालून उभं राहण्यापुरता. जयवंत डोर्लेकर त्याचं नाव, वय सत्तावन्न. त्याच्या हुद्द्याला पायलट म्हणत, पण विमानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. परमुलखातून आलेल्या कप्तानाला इथले खडक, इथला गाळ, इथला वारा ठाऊक नसतो. म्हणून बंदराचा माणूस लाँचने समोर जातो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो आणि जहाज धक्क्याला लावून देतो. हे काम जयवंतने एकोणीस वर्षं केलं होतं.

आता ते काम सारंग करत होता. सारंग म्हणजे जुन्या काळच्या गलबतावरचा मुख्य खलाशी. कंपनीने तेच नाव आपल्या यंत्राला दिलं होतं. माणसाला काढून टाकलं की त्याचं नाव यंत्राला द्यायचं, ही या कंपन्यांची रीतच आहे. जहाजाच्या सुकाणूखोलीत एक करडी पेटी बसवायची, ती किनाऱ्यावरच्या थंड खोलीतल्या संगणकांशी बोलायची, आणि जहाज आपलं आपण आत यायचं.

शहराला याचा अभिमान होता. मांडवखोलला तेव्हा कसलाही अभिमान बाळगायला सवड होती, कारण शहर भरभराटीत होतं. खाडीची वाट चौदा मीटर खोल केल्यापासून मोठी जहाजं भरती-ओहोटी न बघता येत. धक्क्यावर बिनचालकाचे ट्रक फिरत. काजूचे कारखाने, आंब्याच्या रसाचे कारखाने, बर्फाचे कारखाने रांगेने उभे होते. प्रवासी बोटी आठवड्यातून दोनदा पर्यटक आणून सोडत. ते दीपगृह बघत, किल्ल्यावर रोपवेने जात, आणि संध्याकाळी मच्छीमारांच्या खारवीवाड्याच्या तोंडाशी असलेल्या खानावळींतून कालवांचं सुकं मागत. मागच्या पिढीत जे गरिबाघरचं कालवण होतं त्याची आता ताटलीवर लिंबाची फोड लावून छायाचित्रं निघत होती.

ही कालवं सातखडपावरून येत. खाडीच्या तोंडाशी, जहाजांच्या वाटेला अगदी लागून, काळ्या खडकांची एक लांबलचक पट्टी आहे. एरवी ती पाण्याखाली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येतं तेव्हा भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल जाते आणि खडप उघडं पडतं. मग खारवीवाड्यातल्या बाया हातात कोयती आणि कमरेला डबा बांधून तिथं जातात आणि खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढतात. मांडवखोलला बंदर नव्हतं तेव्हाही त्या जात होत्या.

डिसेंबरअखेर जयवंत निवृत्त होणार होता. त्याआधी त्याने एका कागदावर सही करायची होती: सारंग माझ्यासारखंच जहाज चालवतो, माझी आता गरज नाही. सही झाली की सुकाणूखोलीत बंदराचा माणूस जाणं कायमचं बंद होणार होतं. सहीच्या आड फक्त एक बारीकशी शंका होती, आणि ती तृप्ती ढोमणेने काढली होती.

तृप्ती कंपनीची अभियंता. मूळची वर्ध्याची, वय एकोणतीस. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी. मासळी खात नसे, वासाने तिला आरंभी मळमळायचं. पण डोकं लख्ख, आणि एखादी गोष्ट कळली नाही की ती झोपत नसे.

तिचं काम समजून घ्यायचं तर सारंग शिकला कसा ते कळायला हवं. त्याला कुणी नियम शिकवले नव्हते. नियम पाठ करून जहाज आत येत नाही, हे कंपनीला आधीच्या दोन फसलेल्या यंत्रांवरून कळलं होतं. म्हणून त्यांनी जयवंतच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यांच्या नोंदी सारंगपुढे ओतल्या. तारीख, वार, भरती-ओहोटी, वारा, जहाजाचं वजन, आणि त्या क्षणी जयवंतने सुकाणू किती वळवलं, वेग किती ठेवला. एवढंच सांगितलं की अशा वेळी हा माणूस काय करतो ते ओळख. चुकला की दुरुस्ती, पुन्हा ओळख, पुन्हा दुरुस्ती, असं लाखो वेळा. शेवटी सारंग जयवंतच्या मनातलं त्याच्याआधी ओळखू लागला. लहान मूल बापाची चाल उचलतं तसाच हा प्रकार. मूल बापाचं लंगडणंही उचलतं, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

असं लंगडणं शोधणं हे तृप्तीचं काम. सारंगच्या प्रत्येक सवयीला कारण हवं. कारण सापडलं तर सवय ठेवायची, नाही सापडलं तर पुसून टाकायची. तिने एकेचाळीस सवयी काढल्या. चाळिसांची कारणं जयवंतने बसल्या बैठकीला सांगितली. इथं गाळ साचतो, तिथं टेकडीमागून वारा अचानक आदळतो. एकेचाळीसावी सातखडपाची होती. खोल ओहोटी असली की सारंग तिथं वेग नऊ नॉटवरून पाचावर आणायचा. दोन मैल तसंच रांगत जायचं आणि मग पुन्हा वेग घ्यायचा. प्रत्येक फेरीत दहा-अकरा मिनिटं जात. शिवाय खाडीच्या वाटेत आठ नॉटच्या खाली यायचं नाही असा बंदराचा नियम होता, कारण हळू जाणाऱ्या जहाजाला वारा सहज बाजूला ढकलतो.

जयवंत म्हणाला, ओहोटीला तिथं आडवा प्रवाह असतो. तृप्तीने पाण्याखालच्या यंत्रांची मापं काढली. आडवा प्रवाह नव्हता. मग तिने जुन्या नोंदवह्या बघितल्या. हळू झाल्याबद्दल प्रत्येक वेळी जयवंतने लिहिलं होतं, ‘पुढे होड्या.’ तिने त्या त्या दिवसांची उपग्रहाची चित्रं मागवली. होड्या नव्हत्या.

खरं कारण जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक जयवंत, दुसरी त्याची थोरली बहीण सुगंधा.

अठरा वर्षांपूर्वी, पायलट होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, एका सकाळी तो क्लिंकरने, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या मालाने, भरलेलं जहाज नऊ नॉटने आत आणत होता. मोठं जहाज अरुंद वाटेतून जातं तेव्हा ते नुसतं पाणी कापत नाही. त्याने बाजूला सारलेलं पाणी त्याच्या कडेने जोरात मागं धावतं, आणि त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी एकाएकी खाली जातं. जहाज पुढे निघून गेलं की तेच पाणी एकदम परत येतं. ओहोटीला वाटेत पाणीच कमी असतं, त्यामुळे ओढ जास्त. वेग निम्मा केला तर ओढ पाव होते, वेग दुप्पट केला तर चौपट. हे सगळं पुस्तकात आहे आणि जयवंतने ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं. खडपावर बाया असतील हे पुस्तकात नव्हतं. लहानपणी त्याच खडपावर आईच्या मागे हिंडलेल्या त्याच्या डोक्यात तरी ते यायला हवं होतं. पण नवा हुद्दा, नवा गणवेश, शेजारी परदेशी कप्तान. त्याच्या डोक्यात ते आलं नाही.

खडपावर त्या सकाळी पार्वती जाक्कर होती, सगळे तिला पारू म्हणत. तिच्यासमोरचं पाणी सरसर मागं गेलं. कधी न दिसलेला खडक उघडा पडला, आणि तो कालवांनी गच्च भरलेला होता. पारू दोन पावलं खाली उतरली. पाणी परत आलं तेव्हा वरच्या दगडावर उभ्या असलेल्या सुगंधाला तिचा फक्त डबा दिसला. पारू तिसऱ्या दिवशी दीपगृहाखाली सापडली.

वाड्यात सगळे म्हणाले, हाव नडली. एवढ्या खाली कशाला जायचं, समुद्र काय कुणाचा सगा आहे? पुढे ती म्हणच झाली. पोर ताटात जास्त वाढून घ्यायला लागलं की आया म्हणत, पारूवाणी करू नको. जयवंतने हे शेकडो वेळा ऐकलं. पारू गेल्याच्या चौथ्या दिवशी सुगंधा त्याच्याकडे आली होती, दारातच उभी राहिली होती आणि एवढंच म्हणाली होती, की पुढल्या टायमाला हळू आण. त्यानंतर बहीण-भावांत तो विषय निघाला नाही. पारूची दहा वर्षांची मुलगी प्राजक्ता सुगंधाने आपल्या घरी आणली, वाढवली, आणि पुढे आपल्याच मुलाला करून घेतली. मुलगा आखातात बोटीवर होता. प्राजक्ता आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि जयवंतला मामा म्हणायची.

आणि जयवंत हळू जात राहिला. त्याला वाटायचं, आपण निदान तेवढं तरी फेडतो आहोत.

तृप्तीला कोडं सुटलं ते तिच्या आईमुळे. मार्गशीर्ष लागला होता. वर्ध्याहून आईचा फोन आला की गुरुवारचा घट मांडलास का, पोथी वाचलीस का, की समुद्रावर जाऊन सगळं बुडवलंस. तृप्तीने हो-हो केलं आणि फोन ठेवताना समोरच्या पडद्यावर तिची नजर गेली. सातखडपाजवळ सारंग हळू होत नाही असे काही दिवस तिने लाल केले होते. ओहोटी तेवढीच खोल, वारा तोच, तरी यंत्र भरधाव. ते दिवस नोव्हेंबर-डिसेंबरातले होते आणि सगळे गुरुवार होते. तिने पंचांग काढलं. एकूण एक मार्गशीर्षातले निघाले. त्याशिवाय फेब्रुवारी-मार्चातला दर वर्षी एक दिवस होता. ती महाशिवरात्र होती.

दुसऱ्या दिवशी ती जयवंतच्या घरी गेली. चहा झाल्यावर म्हणाली, “सर, आमचं यंत्र मार्गशीर्षातले गुरुवार पाळतं. ज्या दिवशी बायका मासळीला शिवत नाहीत, त्या दिवशी ते हळू होत नाही. खडपावर कोण असतं?”

जयवंतने सांगितलं. पारूचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. सांगताना त्याला हलकं वाटलं आणि त्याचा त्याला रागही आला.

तृप्तीने ऐकून घेतलं आणि दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडल्या. हे कारण अहवालात लिहिलं तर बंदराचा सुरक्षा विभाग जागा होणार. जहाजांच्या वाटेपासून पाचशे मीटरच्या आत माणसांना बंदी आहे, ती आजवर कुणी बजावली नव्हती इतकंच. खडपाला कुंपण पडेल आणि बायांचं पोट जाईल. नाही लिहिलं तर सवय बिनकारणाची ठरेल आणि एकतीस तारखेला पुसली जाईल. मग प्रत्येक जहाज नऊ नॉटने जाईल, बाया खडपावर असोत वा नसोत. सारंगचे कॅमेरे आणि रडार फक्त पाणी बघत. खडक त्याच्या लेखी जमीन होती, आणि जमिनीवरच्या कशाशीही त्याला कर्तव्य नव्हतं.

“पण त्यांना जहाजाची सवय असेल ना?” तृप्तीने विचारलं. “पाणी मागं जातं तेव्हा वर पळायचं, हे त्यांना ठाऊक असेल.”

जयवंतने मनाशी हिशेब केला. खोल ओहोटीची जहाजं तो पहिल्यापासून आपल्याकडे मागून घेत आला होता, आणि अठरा वर्षं ती हळू गेली होती. अठरा वर्षांत ती ओढ कुणाला दिसलीच नव्हती. ज्या म्हाताऱ्यांनी पूर्वी कधी पाहिली असेल त्या गुडघे धरून घरी बसल्या होत्या. आताच्या बाया जहाजाकडे पाठ करून कालवं फोडत. आपण त्यांना वाचवत होतो अशी त्याची समजूत होती. त्याने त्यांची भीतीच काढून घेतली होती.

तृप्ती म्हणाली, अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. तोवर तुम्ही ठरवा.

रविवारी तो सुगंधाकडे जेवायला गेला. प्राजक्ता खुशीत होती. तिने दोन वर्षांपासून पर्यटकांना खडपावर न्यायला सुरुवात केली होती, ‘प्राजक्ताची खडपसफर’ म्हणून. नारिंगी जाकिटं, रबरी बूट, कालव फोडून दाखवायचं, वर सुगंधाच्या हातचा नाश्ता. धंदा बरा चालला होता. पर्यटकांना ती काय सांगते ते तिने मामाला बोलून दाखवलं. आमच्या भगवतीचा मान ठेवून इथून जहाजंसुद्धा पाय न वाजवता जातात, असं ती म्हणायची, आणि नेमकं तेव्हा एखादं जहाज खरोखरच रांगत जायचं. लोकांना ते फार आवडायचं.

मग ती म्हणाली की येत्या गुरुवारी पुण्याचा मोठा गट आहे, चौदा माणसं, सकाळी सातला.

जयवंत म्हणाला, गुरुवारी कशी जाशील, देवीचा वार आहे. प्राजक्ता हसली. तिचा उपास होताच, पण पुण्याच्या लोकांना मार्गशीर्षाचं काय? त्यांना सुट्टी मिळते तेव्हा ते येतात. ती कालव खाणार नव्हती, नुसतं दाखवणार होती, आणि आताशा दोन-तीन बायाही तिच्यासोबत गुरुवारी येऊ लागल्या होत्या. जयवंत जाऊ नको म्हणाला. तिने कारण विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

यंत्राने खारवीवाड्याचा गुरुवार पाठ केला होता तो अकरा वर्षांपूर्वीपासूनचा. वाडा मधल्या काळात बदलला होता आणि तो बदल यंत्रालाही कळला नव्हता आणि जयवंतलाही.

प्राजक्ता भांडी घेऊन मागच्या दारी गेली तेव्हा त्याने सुगंधाला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. सुगंधाने आधी बंदराच्या तक्त्यावर काय आहे ते विचारलं. त्याने मोबाईलवर बघितलं. गुरुवारी एकच जहाज होतं, तेही दुपारी तीनचं.

“मंग झालं,” सुगंधा म्हणाली. “येवडा गुरुवार जाऊं दे. तिला काय सांगू नको, जया. पोरगी आता कुटं सुखात हाय.”

गुरुवारी पहाटे त्याला बंदरातून फोन आला. दुपारच्या जहाजाने आपली वेळ बदलून सकाळची करून घेतली होती आणि ते आताच बाहेर येऊन उभं होतं. त्याने प्राजक्ताला फोन लावला. खडपावर जाताना ती फोन घरी ठेवायची, पाण्यात पडतो म्हणून. सुगंधा फोन वापरत नसे. शेवटी तो लाँचमध्ये चढला.

जहाज दोनशे मीटर लांबीचं होतं, कंटेनरचं. सहा माणसांचा ताफा आणि कंटाळलेला कप्तान. सारंगने जहाज वाटेत घेतलं आणि वेग नऊवर नेला. सातखडप पुढे मैलभरावर होतं. उजेड चांगला आला होता. जयवंतने दुर्बीण लावली. काळ्या खडकांवर नारिंगी ठिपके होते, तेही खालच्या कडेला.

पूर्वी अशा वेळी तो सुकाणूवाल्याला नुसतं बोट दाखवायचा. आता यंत्राच्या हातून जहाज काढून घ्यायचं तर तांबडी कळ दाबायची आणि कारण मोठ्याने बोलायचं. ते कारण त्याच क्षणी बंदरात, कंपनीत आणि जहाजाच्या मालकाकडे नोंदलं जायचं. त्याने कळ दाबली.

“पुढे होड्या,” तो म्हणाला. इतक्या वर्षांची जीभ होती.

सारंगने रडार फिरवलं. पुढे होड्या नाहीत, असं त्याने शांतपणे सांगितलं, आणि दहा सेकंदांत जहाज पुन्हा ताब्यात घेतो असंही सांगितलं. वेग नऊच राहिला. कप्तानाने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि जयवंतकडे पाहिलं.

जयवंतने पुन्हा कळ दाबली. “सातखडपावर माणसं आहेत,” तो म्हणाला. “वेग ठेवला तर पाणी त्यांना ओढून नेईल. अठरा वर्षांपूर्वी माझ्या जहाजाने एकीला नेलं आहे. वेग पाच.”

कारण नोंदवलं, असं सारंग म्हणाला.

एवढं मोठं जहाज सांगितल्या सांगितल्या हळू होत नाही. आठ, सात, साडेसहा. खडप बाजूला आलं तेव्हा काटा साडेपाचावर होता. जयवंत बाहेरच्या सज्जात गेला आणि कठडा धरून बघत राहिला. खडकाकडेचं पाणी वीतभर मागं सरलं, परत आलं, आणि कुणाचे तरी बूट भिजले. प्राजक्ताने जहाजाकडे बोट केलं आणि काहीतरी सांगितलं. तिची चौदा माणसं हात हलवत होती आणि छायाचित्रं काढत होती.

धक्क्यावर उतरेपर्यंत बंदराचे आणि कंपनीचे तिघं साहेब त्याची वाट बघत जमले होते. चौकशी फार लांबली नाही, कारण त्याने काहीच नाकारलं नाही. नियम मोडून इतकी वर्षं जहाज चालवणाऱ्याच्या सहीला काय किंमत, म्हणून सारंगला दाखला आता दुसऱ्या बंदराचा पायलट देणार होता. खडपावर माणसांना बंदीच आहे, मग हळू व्हायचं कारण उरत नाही, असं म्हणून एकेचाळीसावी सवय त्याच दिवशी पुसायचं ठरलं. खडपाला आठ दिवसांत कुंपण घालायचं ठरलं. जुन्या मृत्यूबद्दल पोलिसांना कळवायचं ठरलं. तृप्ती कोपऱ्यात बसून लिहीत होती. जाताना ती त्याला जिन्यात गाठून म्हणाली की कुंपणाची शिफारस तिने केलेली नाही. तिचे डोळे भरले होते. जयवंतने मान हलवली आणि तो खारवीवाड्याकडे चालू लागला.

प्राजक्ता अंगणात बूट धूत होती. कुंपणाची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती आणि ती भडकलेली होती. बंदर आमच्या मागून आलं, म्हणाली, आणि कुंपण घातलं तरी बाया ते वाकवून जातील, पोट काय कुंपण ओळखतं? मामा तुम्ही तिथं होतात, तुम्ही काही बोलला कसे नाहीत?

जयवंत पडवीच्या कठड्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. क्लिंकरचं जहाज, नऊ नॉट, पाणी का मागं जातं, कसं परत येतं. सुगंधा दारात येऊन उभी राहिली. तिने त्याला अडवलं नाही.

प्राजक्ताने हातातला बूट खाली ठेवला आणि विचारलं की पाणी किती मागं गेलं होतं. जयवंत म्हणाला, पुरुषभर तरी. मग तिने सुगंधाकडे बघितलं.

“आई, तुमाला ठावं होतं?”

“होतं,” सुगंधा म्हणाली. “भावाची नोकरी गेली असती. तुला घरात घेतलं तेव्हा वाटलं, फिटलं.”

प्राजक्ता रडली नाही. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले. शाळेत तिला हावऱ्या पारूची पोर म्हणत, लग्नात तिच्या ताटात वाढताना वाढपी हसला होता, हे तिने एखाद्या तिऱ्हाइताचं सांगावं तसं सांगितलं. जयवंतला ते सगळं ठाऊक होतं. त्या पंगतीत तो तिच्या शेजारच्याच पाटावर बसला होता. तो म्हणाला, मला माफ कर.

“मला कशाला सांगता, मामा?” प्राजक्ता म्हणाली. “मी तिला कधीच हावरी म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांगा. आणि पानी मागं गेलं तर काय करायचं तेपण त्यांनाच सांगा. उद्यापासून जहाजं जोरात येणार. बाया उद्यापण जाणार.”

शुक्रवारी सकाळी, मासळीच्या पाट्या घेऊन बाया जेट्टीकडे निघायच्या आत, प्राजक्ताने त्यांना भगवतीच्या देवळापुढे थांबवून घेतलं. पन्नास-साठ जणी होत्या. काही पुरुषही आले, कारण बंदराच्या चौकशीची कुणकुण लागली होती. सुगंधा भावाच्या बाजूला येऊन उभी राहिली. प्राजक्ता समोर, बायांत, पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभी होती.

जयवंत पायरीवर चढला. पाण्याची ओढ म्हणजे काय ते समजावून सांगायचं त्याने रात्रभर मनाशी जुळवलं होतं, वेग आणि खोली आणि पळायचं कुठल्या बाजूला. आता समोर बघितल्यावर ते त्याला नंतरचं वाटलं.

“पारूने हाव केली नव्हती,” तो म्हणाला. “पाणी मी ओढलं होतं.”